एल्सामावशीच्या वडिलांचं पत्र

खाली पडलेल्या कागदाला पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावायचा, एवढं दौंडच्या सगळ्याच घरांत होतं. आमच्याकडे त्याच्या वर आणखी एक कायदा होता आणि तो माझ्या आजोबांचा, आबांचा होता. ज्या कागदावर आपली अक्षरं आहेत, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकातली, उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू अक्षरं, तो कागद फाटो, विरो, उंदीर कुरतडो, टाकायचा नाही, जाळायचा नाही आणि पुडी बांधायला तर मुळीच घ्यायचा नाही. त्यासाठी आईनं मांजरपाटाची एक पिशवी शिवून खुंटीला टांगली होती. वर्षभरात पिशवीत जे साठेल ते आबा आमच्या नव्या वर्षाच्या सणाआधी शिरूरला, नदीकडच्या आमच्या कबरस्तानात, माणूस पुरावा तसं पुरत. या अक्षरांत देवाचं नाव असतं, आणि पुस्तक म्हातारं झालं म्हणून नाव म्हातारं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बेने इस्राएल, इकडचे ज्यू. दौंडात आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण पूर्वज कधीकाळी कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. माझ्या बापजन्मात मी घाणा पाहिलेला नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

बाबा मालगाडीवर गार्ड होते. रेल्वेच्या क्वार्टरांच्या रांगेत आमचं घर शेवटून दुसरं. रात्रंदिवस डब्यांना डबे धडकत असत आणि घरातली भांडी त्या तालावर मांडणीत किणकिणत. पाहुण्यांना झोप लागत नसे. आम्हाला शिरूरला आबांकडे गेलं की झोप लागत नसे, इतकं तिथं शांत. कोळशाची भुकटी सगळ्यावर बसे, वाळत घातलेल्या पापडांवर, लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर, माझ्या वेणीवर. शुक्रवारी मात्र आई घर असं घासूनपुसून काढी की जणू साहेबाचं इन्स्पेक्शन आहे. भीमेचा खवल्यांचा मासा, त्याला नारळाच्या रसाची कढी, मऊ भात, आणि आबा आले असले तर कोंबडी, कारण कापायचा विधी त्यांनाच येत होता. नारळ बाबांच्या गाडीवरून येत. दिवे लागायच्या आत स्वयंपाक उरकायचा आणि मग आई तेलाची वात लावून डोळ्यांवर हात धरून उभी राही. त्या दोन मिनिटांत यार्डातल्या इंजिनांनीही गप्प बसावं असं मला वाटे. ती कधी बसली नाहीत.

एल्सामावशी आमच्या घरात आली ती बाबांच्या बोटामुळे. डब्याच्या दारात त्यांचं बोट चेंगरलं. रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टर टाके घालत असताना बाबा डोळे गच्च मिटून शेमा म्हणू लागले, संकटात आपली माणसं म्हणतात ती प्रार्थना. पहिली ओळ म्हणून ते कळवळले आणि थांबले, तर पट्टी धरून उभ्या असलेल्या गोऱ्या नर्सनं दुसरी ओळ म्हटली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाबा सांगत, ‘टाका कधी बसला कळलंच नाही.’ तोवर ती दवाखान्यातली जर्मन बाई होती, त्या शुक्रवारपासून मावशी झाली. ती ऱ्हाईन नदीकाठच्या एका गावची. तिकडे ज्यूंचे हाल सुरू झाले तेव्हा ओळखीनं नर्सची नोकरी मिळून ती बोटीनं मुंबईला आली. मागे राहिलेले आईवडील तिला पुन्हा दिसले नाहीत. लढाई पेटल्यावर इंग्रज सरकारनं तिलाच जर्मन म्हणून पुरंदरच्या किल्ल्यावर नेऊन ठेवलं. जर्मनांनी ज्यू म्हणून हाकललं, इंग्रजांनी जर्मन म्हणून कोंडलं. हे ती हसत सांगायची, आणि सांगायची दौंडच्या भाषेत. मराठी ती खुटबाव-पाटसकडच्या बाळंतिणींकडून शिकली होती. ‘काय व्हतंय? कवापासनं दुखतंय?’ असं ती निळ्या डोळ्यांनी विचारायची तेव्हा नवा रोगी आधी तिच्या तोंडाकडे बघत बसे आणि मग दुखणं सांगे.

धर्माच्या बाबतीत मात्र ती आमच्या आईच्या मते वाया गेलेली होती. दिवा लावत नसे, शनिवारी खुशाल सायकलवर बसे, आणि एकदा आमच्याच घरी तिनं मटणाच्या रश्शावर दही मागितलं. आम्ही मांस आणि दूध एकत्र खात नाही. आईनं चमचा हातातून खाली ठेवला तो आवाज मला अजून ऐकू येतो. आई तिच्यावर जीव टाकायची, पण तिच्या पाठीमागे मान हलवायची, आणि मी आईची लेक, मीही हलवायला शिकले.

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती. तिकडच्या नव्या सरकारनं कायदा केला की ज्यू लोकांचं जे हिसकावलं गेलं त्याचे अर्ज द्या, शहानिशा करून परत करू. मुंबईच्या एका वकिलांमार्फत मावशीनं अर्ज केला. तिच्या वडिलांचं टोप्यांचं दुकान होतं. साहेबलोक घालतात तसल्या जाड लोकरी टोप्या, लाकडी ठोकळ्यावर वाफेनं बसवलेल्या. तिकडची कचेरी असंख्य प्रश्न विचारी. दुकान किती लांब, किती रुंद, ठोकळे किती, आरसे किती. मावशी आमच्या जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसे आणि त्या दुकानातून चाले. ‘दारातनं आत आलं की डाव्या हाताला आरसा. त्याच्या म्होरं बापाची खुर्ची. मग पायरी हाय, संभाळून.’ मी वहीत उतरवून घेई. पायरी म्हटल्यावर माझाही पाय टेबलाखाली उचलला जाई. एकदा बाबांनी विचारलं, ‘मिळालं दुकान तर जाल का परत?’

‘त्या गावात मी पाय ठेवायची न्हाई,’ ती म्हणाली. ‘दुकानाचं मी काय करू, भाऊ? मला लिहून पायजे. माझ्या बापानं विकलं न्हाई, त्याच्याकडनं घेतलं. येवढं त्यांनी सरकारी कागदावर लिहायचं. बास.’

कारण अडचण तीच होती. दुकान आता ज्याच्या नावावर होतं तो तिच्या वडिलांच्याच हाताखाली काम शिकलेला माणूस. त्यानं कचेरीला कळवलं होतं की मी रीतसर विकत घेतलं, मालकानं खुशीनं सही केली, हा बघा करार. मावशीचं म्हणणं, ‘खुशी कसली? माझ्याकडं बापाचं पत्र हाय. शेवटचं. त्यात समदं लिहिलंय.’ तिनं त्या पत्राचा अर्थ टाइप करून वकिलांकडे पाठवून दिला होता. पत्र मी कधी पाहिलं नव्हतं. जर्मन अक्षरं इंग्रजीसारखी असतात हे त्या अर्जांवरून मला पक्कं माहीत होतं. म्हणून पत्राचं नाव निघालं की माझ्या डोळ्यांपुढे तसलाच कागद येई, ए बी सी डी लिहिलेला.

त्या श्रावणात आमच्या रांगेत वाळवी झाली. रेल्वेची माणसं औषध मारायला यायची म्हणून सगळ्यांनी सामान बाहेर काढलं. मावशीची खोली आमच्याच रांगेत होती; तिची दिवसपाळी म्हणून ती किल्ली आईकडे देऊन गेली. आई आणि मी तिचं बिऱ्हाड बाजेवर मांडत होतो. ट्रंकेवर वाळवीनं मातीची रेघ काढलेली दिसली, म्हणून मी आतलं एकेक उघडून झटकायला लागले. बिस्किटाच्या एका डब्यात दोन फोटो होते, आणि एका जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला कागद. चौघडी घातलेला, घडीवर चिरलेला, तपकिरी पडलेला, आणि त्यावर दाट, तिरक्या हातानं लिहिलेली आपली अक्षरं. आबांनी मला शिकवलेली. अलेफ, पहिलं अक्षर, मी लगेच ओळखलं. पायमोज्यात! मी कागद कपाळाला लावला आणि आईकडे नेला.

‘बघ ना आई, कशात ठेवलंय.’

आई गादी झोडपत होती. तिनं लांबूनच पाहिलं. ‘तिला काय त्याचं,’ ती म्हणाली. ‘फाटलंय ना? आबांच्या पिशवीत ठेव.’

ठेवला. मावशीला का विचारलं नाही, हा प्रश्न मला पुढे पुष्कळांनी केला आणि मी दरवेळी लहान होते असं उत्तर दिलं. तेरा वर्षांची मुलगी काही इतकी लहान नसते. खरी गोष्ट अशी की मला विचारायचं नव्हतं. ज्या बाईला देवाच्या नावाची किंमत नाही तिच्यापासून मी ते नाव सोडवलं, या भावनेनं माझी छाती फुगली होती. विचारलं असतं तर ती कदाचित ‘असू दे तिथंच’ म्हणाली असती, आणि माझं पुण्य हुकलं असतं. रिकामा पायमोजा मी घडी करून डब्यात परत ठेवला. केवढी नीटनेटकी मुलगी.

महिन्याभरानं पिशवी घेऊन आम्ही एस.टी.नं शिरूरला गेलो, बाबा आणि मी. आबा सुतार होते. बांधकाम खात्यातून सुटल्यावर तिथं एकटेच राहत, हट्टानं. पूर्वी छावणी होती तेव्हा आमची बरीच घरं तिथं होती, आता चारच उरली होती आणि त्या चारांचे हज्जान, म्हणजे प्रार्थना सांगणारे, आबाच. हिब्रू ते घडाघडा वाचत. अर्थ विचारला की म्हणत, ‘त्याला कळतो.’ त्यांनी ओट्यावर बसून पिशवीतलं एकेक पान पाहिलं, सारखं केलं. तो कागद हातात आल्यावर चष्मा वर ढकलून पहिल्या दोन ओळी पुटपुटले आणि थांबले.

‘बोली निराळी हाय,’ ते म्हणाले. ‘परदेशी हज्जानाचा हात असंल. जुनं दिसतंय.’

मग त्यांनी तो सगळ्यांत वर ठेवला, मानानं. आम्ही कबरस्तानात गेलो, बाबांनी खड्डा घेतला, आबांनी पिशवी दोन्ही हातांनी खाली सोडली आणि मी पहिली मूठ माती टाकली. मूठ मीच मागून घेतली होती.

आता मी मुलाकडे इस्राएलात, अश्दोदला राहते. इथं औषधाच्या बाटल्यांवर, चपलांच्या खोक्यांवर, दुधाच्या पिशव्यांवर सगळीकडे तीच अक्षरं असतात, आणि लोक ती खुशाल कचऱ्यात टाकतात. पहिली दोन वर्षं माझ्याच्यानं टाकवेना. सुनेला स्वयंपाकघरात ढीग सापडायचे. तिला वाटलं सासू भ्रमिष्ट झाली. मी तिला ही गोष्ट सांगितली नाही. काय सांगणार? की आम्ही एवढे धार्मिक होतो की आम्ही न वाचता पुरत असू?

दौंडला वकिलांचं पत्र आलं तेव्हा थंडी पडली होती. कचेरीनं कळवलं होतं, अर्जदारानं स्वतःच केलेलं भाषांतर पुरावा होत नाही, वडिलांचं मूळ पत्र पाठवा. मावशी खुशीत होती. ‘मागू द्या. आता बघतील,’ असं म्हणत डबा आणायला तिच्या खोलीकडे गेली. मी चुलीजवळ शेंगा सोलत होते. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. आईनं मला बघायला पाठवलं. मावशी जमिनीवर बसली होती आणि तिच्याभोवती ट्रंकेतलं सगळं पसरलं होतं. ती तो पायमोजा पुन्हा पुन्हा उलटा करत होती. एवढी मोठी बाई, एका पायमोज्यात हात घालून बोटांनी चाचपत होती.

‘रिबू, हितं एक कागद व्हता. हिब्रू अक्षराचा. बापाचं पत्र.’

माझ्या तोंडून निघालं, ‘पण ते तर हिब्रू होतं.’ मग तिनं हळूहळू सांगितलं, जसं रोग्याला सांगावं तसं. वडिलांची आई पूर्व युरोपातली होती. तिकडचे आपले लोक घरात एक बोली बोलतात, जर्मनसारखीच, पण लिहितात आपल्या अक्षरांत. दुकानातल्या माणसांनी पत्र उघडलं तरी त्यांना वाचता येऊ नये म्हणून वडिलांनी मुद्दाम त्या बोलीत लिहिलं आणि बोटीवर येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती दिलं. ज्यांना वाचता येऊ नये त्यांना ते आलं नाही. आम्हालाही आलं नाही.

मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती, एक ठेवून दिली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, ‘शिरूरला जाऊ.’ एवढंच. आई दारात उभी होती आणि तिचे पिठाचे हात तसेच वर धरलेले होते. त्या दिवसानंतर आईनं मावशीच्या माघारी कधी मान हलवली नाही.

आबांना बाबांनी सांगितलं. आबा उठले. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चालू लागले. पुरलेलं उकरायचं नसतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. वाटेत ते एकदाही कुणाच्या रामरामाला थांबले नाहीत. बाबा कुदळ मागत होते, त्यांनी दिली नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका गुडघ्यावर बसून उकरत होता. गणपतीनंतर शिरूरला त्या वर्षी चांगला पाऊस झाला होता आणि पावसानं सोडलं ते वाळवीनं धरलं होतं. मांजरपाटाचं नुसतं बूड निघालं. आत कागदाचा काळपट लगदा, मुळ्या फुटलेला. आबांनी तो धोतराच्या सोग्यात घेतला आणि नखानं थर सोडवायला लागले. एक थर सुटला, त्यावर पुसट तीन अक्षरं होती, पण ती छापील, प्रार्थनेच्या पुस्तकातली. मावशी वाकून बघत होती. नर्सची नजर ती, कधी थांबायचं हे तिला आधी कळलं.

‘ऱ्हाऊ द्या आबा.’

‘बाई, मी... ह्याचं आता काय करू?’

‘परत पुरा,’ मावशी म्हणाली. ‘दुसरं काय करणार.’

वकिलांनी कळवलं की अजून एक वाट आहे. मूळ पत्र ज्यानं वाचलं असेल अशा एखाद्या तिऱ्हाइतानं मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर मजकूर सांगितला तर कचेरी विचार करील. पत्र मावशीखेरीज कुणी वाचलं नव्हतं. पण हातात धरलं होतं आबांनी, आणि अक्षरं त्यांना येत होती. बाबांनी त्यांना चारदा समजावलं. ‘आबा, येवढंच म्हणायचं, मी वाचलं व्हतं. खोटं कुठंय त्यात? वाचलंच की तुम्ही दोन ओळी.’ आबा ऐकून घेत. हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते.

शिरूरच्या मामलेदार कचेरीबाहेर लिंबाखाली आम्ही चौघं बसलो होतो. आत पुकारा व्हायला वेळ होता. आबा म्हणाले, ‘बाई, त्यात हुतं तरी काय? मला कुनी सांगितलंच न्हाई.’ आणि खरंच, कुणी सांगितलं नव्हतं. मावशीला पत्र तोंडपाठ होतं. ती समोर बघत, दौंडच्या बाळंतिणींच्या भाषेत सांगायला लागली. वडिलांनी लिहिलं होतं की मला माझ्याच खुर्चीत बसवलं, आरशासमोर. दोघं मागं उभे होते. आरशात मला त्यांचे हात दिसत होते, तोंडं दिसत नव्हती. ज्याला मी ठोकळ्यावर टोपी बसवायला शिकवलं त्यानं माझ्यापुढं कागद ठेवला आणि म्हणाला, तुमची बायको घरी एकटी आहे ना. मी सही केली. मी दुकान विकलेलं नाही, एल्से, हे तू लक्षात ठेव, दुसऱ्या कुणाला सांगायला मला जागा नाही. आई बरी आहे. तुझी निळी टोपी मी घरी आणून ठेवली आहे.

आबांनी रुमालात तोंड घातलं. म्हातारा माणूस उघड्यावर रडताना मी पहिल्यांदा पाहिला. बाबा हळूच म्हणाले, ‘आता तर तुम्हाला ठावं झालं, आबा. आता फक्त आत सांगायचं.’ आणि मला वाटलं, झालं, आता सुटलो. मी मनातल्या मनात म्हणत होते, आबा, खोटं बोला. देवाची प्रार्थना मी इतक्या मनापासून कधी केली नव्हती.

मामलेदार, तेच तिथले मॅजिस्ट्रेट, तरुण होते, सभ्य होते. कुठल्या ग्रंथावर शपथ घ्यायची इथूनच त्यांची अडचण सुरू झाली. आबांनी बगलेतलं आपलं जुनं पुस्तक काढलं, डोक्याला रुमाल बांधला आणि त्यावर हात ठेवला. मामलेदारांनी वकिलांचा कागद वाचला आणि विचारलं, ‘आजोबा, हे पत्र तुम्ही पाहिलं होतं?’

‘व्हय.’

‘वाचता येतात ही अक्षरं?’

‘येत्यात.’

‘मग काय लिहिलं होतं त्यात, सांगा.’

आबांनी तोंड उघडलं. पुस्तकावरचा त्यांचा हात मला दिसत होता, सुताराचा, एक नख नसलेला. बाबा जमिनीकडे बघत होते. मावशी आबांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी दवाखान्याच्या व्हरांड्यात आत डॉक्टर असताना बाहेर बसलेल्या बायांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

‘साहेब,’ आबा म्हणाले, ‘आत्ता भाईर लिंबाखाली बाईंनी सांगितलं, तवा कळलं. पुरलं तवा मला ठावं न्हवतं. अक्षरं वाचली, बोली कळली न्हाई. खरं पत्र व्हतं. माझ्याच हातानं पुरलं. येवढंच मी शपथंवर सांगतो.’

मामलेदारांनी तेवढंच लिहून घेतलं. दुसरं ते काय करणार होते? आबांनी सही केली, मामलेदारांनी शिक्का मारला. मी आबांवर इतकी चिडले की त्यांच्या पाया न पडताच निघाले. आज त्यांच्यापेक्षा मोठं वय झालंय माझं, आणि अजून मला ठरवता येत नाही. देवाच्या नावाला जपायचं म्हणून त्यांनी तिचं पत्र पुरलं आणि देवाच्या नावाला जपायचं म्हणूनच त्यांना ते तिला परत देता आलं नाही. माणूस लबाड असता तर तिचं काम झालं असतं, असं मी एकदा बाबांना म्हटलं होतं. बाबांनी मला गप्प बसवलं, पण नाही म्हणाले नाहीत.

परतीच्या गाडीत मावशी आमच्याजवळ बसली नाही. पुढच्या बाकावर, एका कोंबड्यावाल्या बाईशेजारी बसली, खिडकीला डोकं टेकून. न्हावऱ्याला गाडी बराच वेळ थांबली. ती उतरली, टोपलीवालीकडून पेरू घेतले आणि परत चढताना एक माझ्या मांडीवर टाकला. माझ्याकडे बघितलं नाही. मी तो दौंडपर्यंत हातात धरून ठेवला. खायचा की नाही, ते कळेना.

निकाल यायला वर्ष उलटलं. त्या मधल्या काळात ती शुक्रवारी येत होती, जेवत होती, मला गणितं घालत होती. आबांची चौकशी करी, पण आबा आले की तिची हटकून रात्रपाळी असे. पाकीट आलं ते शनिवारी दुपारी. ती ते न फोडता आमच्याकडे घेऊन आली आणि टेबलाशी, अर्ज भरायला बसायची त्याच खुर्चीत बसून तिनं ते उघडलं. बाबा घरी होते. आई ओले हात पुसत आली. मावशी वाचत गेली आणि मधून मधून मराठीत सांगत गेली. अर्ज नामंजूर. शिरूरच्या साक्षीदारानं मजकूर माहीत नव्हता असं स्वतःच म्हटलं आहे. आबांना त्या निकालात एक ओळ मिळाली होती. बाकी सगळा निकाल त्या करारावर होता. दुकान रीतसर विकलं गेलं असं कचेरीचं मत पडलं.

शेवटच्या पानाला एक फोटो-नक्कल टाचलेली होती, त्या कराराची. पुरावा म्हणून जोडलेली. खाली तिच्या वडिलांची सही होती. त्या सहीबद्दल निकालात एक वाक्य होतं. मावशीनं ते दोनदा मनात वाचलं आणि मग सांगितलं, ‘सही सरळ हाय. हात थरथरलेला दिसत न्हाई. म्हणून जबरदस्ती झाली असं धरता येत न्हाई.’

तीन मोठी माणसं त्या टेबलाशी होती आणि कुणाकडे काही करण्यासारखं नव्हतं. मला तर तिथं उभं राहायचाही हक्क आहे असं वाटत नव्हतं, आणि जायचंही धैर्य होत नव्हतं.

‘चाळीस वर्षं कात्री धरली बापानं,’ मावशी म्हणाली. ‘त्याचा हात कवाच थरथरत न्हवता.’

तिनं टाचणी काढली, निकालाची पानं बाबांकडे सरकवली आणि नक्कल तेवढी आपल्यापुढे ठेवून तळहातानं सपाट केली. त्या सहीवरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग तिनं बाबांना विचारलं, ‘भाऊ, ही त्यांना परत धाडावी लागंल का?’

‘नाही,’ बाबा म्हणाले. ‘ती तुमच्याकडेच राहायची.’

‘म्हंजी ही माझी,’ ती म्हणाली.